आघातस्मृती

आघातस्मृती : जिवावर बेतलेल्या किंवा तितक्याच भीषण प्रसंगाची, इच्छा नसताना पुनःपुन्हा उसळून येणारी आठवण. ‘पीटीएसडी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या आघातोत्तर तणाव विकारात ती मध्यवर्ती लक्षण मानली जाते. मराठी बोलभाषेतील ‘धसका’ या शब्दात दचकणे आणि धास्ती येते, आठवणीचा भाग मात्र येत नाही. म्हणून येथे पारिभाषिक शब्द योजला आहे. साधी आठवण सांगताना माणूस भूतकाळात बोलतो. आघातस्मृती उसळली की प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा भासतो, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि हे सारे डिझेलचा वास किंवा दार आपटल्याचा आवाज एवढ्यानेही सुरू होऊ शकते.

या अवस्थेचा पहिला उल्लेख कोणता, याविषयी एकमत नाही. इ. स. पू. ४९० च्या मॅरॅथॉनच्या लढाईत एपिझेलस नावाच्या अथेन्सच्या योद्ध्याची दृष्टी कोणतीही जखम न होता गेली, असे ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस लिहितो आणि अनेक लेखक तेथूनच सुरुवात करतात. तथापि त्या वृत्तांतात दृष्टी गेल्याचेच वर्णन आहे, अनाहूत आठवणींचे नाही. त्यामुळे हा आधार कच्चा वाटतो. वैद्यकीय चर्चेचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील रेल्वे अपघातांपासून धरणे अधिक सयुक्तिक होय. जॉन एरिक एरिक्सन या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये अपघातग्रस्त प्रवाशांच्या तक्रारींचा संबंध मज्जारज्जूच्या इजेशी जोडला, तर हर्बर्ट पेज याने १८८३ मध्ये त्यांचे मूळ भीतीत असल्याचे प्रतिपादिले. नुकसानभरपाईचे दावे या मतभेदावर अवलंबून असल्याने वादाला धार आली. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स याने फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिकत प्रसिद्ध केली आणि ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याचा धक्का) ही संज्ञा रूढ झाली. तोफगोळ्यापासून दूर असलेल्यांतही लक्षणे आढळू लागल्याने ती अपुरी ठरली. स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात सैनिकांवर उपचार करणाऱ्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सच्या मते, ‘विसरून जा’ हा सल्लाच रुग्णांना अधिक बाधत होता.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९५२ च्या मनोविकारांच्या वर्गीकरणात तीव्र तणावाच्या प्रतिक्रियेची नोंद होती. १९६८ च्या आवृत्तीतून ती वगळली गेली. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक, त्यांच्याबरोबर काम करणारे मनोविकारतज्ज्ञ आणि बलात्कारपीडित स्त्रियांविषयीचे संशोधन यांच्या रेट्यामुळे १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत सध्याचे नाव दाखल झाले. २०१३ पासून त्या वर्गीकरणात हा विकार चिंताविकारांत न गणता आघात व तणाव यांच्याशी निगडित स्वतंत्र गटात ठेवला जातो. निदानासाठी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकावी लागतात.

आघातस्मृती इतर स्मृतींहून मुळातच वेगळी असते काय, हा खरा वादविषय आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने याने १८८९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, तीव्र भावनेमुळे अनुभव जाणिवेपासून तुटतो व स्वतंत्रपणे वावरू लागतो. त्याच दिशेने ख्रिस ब्रूइन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये द्विविध प्रतिनिधानाची उपपत्ती मांडली : शब्दांत सांगता येणारी आठवण एका मार्गाने साठते; दृश्य, वास, वेदना यांची दुसऱ्या; आणि दुसरी हुकमी आठवता येत नाही, केवळ उद्दीपकाने (प्रसंगाची खूण असलेला वास, आवाज इत्यादींनी) जागी होते. डेव्हिड रुबिन आणि डॉर्टे बेर्न्टसेन यांना अशा खास यंत्रणेची गरज वाटत नाही. भावनेची तीव्रता आणि वारंवार होणारी उजळणी यांनीच आठवण ठळक होते, असे ते मानतात. प्रायोगिक पुरावा या दुसऱ्या मताला काहीसा अधिक अनुकूल आहे, मात्र रुग्णांची वर्णने पहिल्या मताशी जुळतात, हेही नाकारता येत नाही.

शरीरक्रियेच्या बाजूने जेम्स मॅकगॉ यांच्या संशोधनातून असे दिसते की, ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन ही संप्रेरके मेंदूतील अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाच्या द्वारे स्मृतीचे दृढीकरण करतात. १९९४ च्या एका प्रयोगात प्रोप्रानोलॉल हे या संप्रेरकांचा परिणाम रोखणारे औषध घेतलेल्यांना कथेतील भावनोत्कट भाग इतरांइतका ठळक आठवला नाही, साध्या भागाच्या स्मरणात मात्र फरक पडला नाही. रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग लहान आढळतो, तो आघाताचा परिणाम समजला जाई. २००२ मध्ये जुळ्या भावांच्या अभ्यासात रुग्णाच्या युद्धावर न गेलेल्या भावाचाही तो लहान दिसल्याने तेथे पूर्वप्रवणतेची, म्हणजे मुळातच असलेल्या कलाची, शक्यता पुढे आली.

ठळक आठवण अचूक असतेच असे नाही. आखाती युद्धातून परतलेल्या ५९ अमेरिकी सैनिकांना एका महिन्याने व पुन्हा दोन वर्षांनी युद्धातील अनुभवांविषयी तेच १९ प्रश्न विचारण्यात आले, तेव्हा ८८ टक्क्यांचे किमान एक उत्तर बदलले होते. पूर्वी नाकारलेला प्रसंग नंतर ‘घडला’ म्हणणाऱ्यांत विकाराची लक्षणे अधिक होती. म्हणजे लक्षणेही आठवण घडवीत असावीत.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतरच्या पाहणीत, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, वाचलेल्यांमध्ये हा विकार व नैराश्य मोठ्या प्रमाणावर आढळले. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली होती. अशा घटनेत दरवर्षी येणारी अनंत चतुर्दशीची तिथीही उद्दीपक ठरू शकते.

उपचारांत आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वर्तन बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) व एडना फोआ यांची दीर्घ प्रसंगसामना पद्धती (भीतिदायक आठवणीला सुरक्षित वातावरणात पुनःपुन्हा सामोरे जाणे) यांना चांगला आधार आहे. डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ‘ईएमडीआर’ही उपयुक्त ठरते, पण त्यातील डोळ्यांच्या हालचालींचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्वांकडून सारे वदवून घेण्याची पूर्वीची प्रथा लाभदायक आढळलेली नाही. आठवण जागी झाली की काही काळ पुन्हा घडणीस मोकळी होते, असे करीम नादर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले; त्याच वेळी औषध देऊन तिची धार कमी करण्याचे मानवांवरील प्रयत्न आजवर संमिश्र ठरले आहेत.