पंचेचाळीसला घुमणारी जीप

मामांच्या जीपला डिझेल इंजिन बसवून दीड महिना झाला होता आणि बंपरला लिंबू-मिरचीची तिसरी माळ लागली होती. गाडी चढाला मस्त ओढायची, पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. पण काटा ताशी ४५ वर आला की पायाखालून एक घुमारा उठायचा. आरशातला मागचा रस्ता पुसट व्हायचा आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर मुठीत भुंगा धरल्यासारखं वाटायचं. पन्नासच्या पुढे तो जरा दबायचा, पासष्टला पुन्हा यायचा. मामी म्हणाल्या, शनिवारी अमावास्येला इंजिन उतरवलं, दुसरं काय होणार. मिस्त्री म्हणाले, माउंटिंगचं रबर हलकं निघालं. दोन वेळा रबरं बदलून झाली. अमावास्या बदलता येत नव्हती.

जुन्या जीपला दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती हॉर्सपॉवर?" जणू इंजिन म्हणजे काळीज, ते बदललं की म्हातारा पळायला लागला. प्रत्यक्षात इंजिन बसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण. चेनब्लॉक लावा, जुनं उचला, नवं उतरवा. खरी परीक्षा इंजिनाच्या मागे सुरू होते आणि पाहुणे जिथे वाकून बघत नाहीत तिथे संपते.

आधी गाडीची ओळख. अमेरिकेतल्या विलीज कंपनीची ही जीप मुंबईत १९४७ च्या सुमारास जोडायला सुरुवात झाली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल महिंद्राने आपल्याकडे कित्येक वर्षं बनवलं. बॉनेट उंच कशामुळे, तर त्यातल्या हरिकेन इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंचीला वाढलं. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, मिनिटाला ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती, तीन गिअरचा टी-९० बॉक्स. गुणी, पण पिण्याच्या बाबतीत बेभान. म्हणून गावोगावच्या गॅरेजांत या जीपांना डिझेल इंजिनं बसली. मामांनी घेतलं ते २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे थेट सिलिंडरात डिझेल फवारणारं. त्याचा सिलिंडर ८८.९ मिलिमीटर व्यासाचा आणि दट्ट्याची धाव १०१.६ मिलिमीटर. हे विचित्र आकडे इंचात मोजले तर साडेतीन आणि चार, अगदी नेमके. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या घराण्यातलं हे पोर, म्हणून अंगात बळ आणि पायात घाई नाही.

ही घाई नसणं सोसायला लागतं. या इंजिनाचा दम ३२०० फेऱ्यांच्या आसपास संपतो. जीपच्या ॲक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून ॲक्सलला ताकद नेणाऱ्या शाफ्टला ५.३८ फेऱ्या माराव्या लागतात. चाकाच्या एका फेरीत गाडी साधारण सव्वादोन मीटर जाते. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. आता गणित करा: ३२०० भागिले ५.३८, गुणिले २.२५, मिनिटाचा तास करा. ताशी ८०. पेट्रोलवर हीच गाडी ४००० फेऱ्यांना शंभरला टेकायची. म्हणजे मोठं इंजिन बसवून गाडीचा कमाल वेग कमी झाला. हॉर्सपॉवर विचारणाऱ्यांना हे सांगितलं की ते चहा मागवतात.

(इंजिन बदललं की आरसी बुकात नोंद करावी लागते, त्यासाठी आधी आरटीओची परवानगी लागते. ती कहाणी विज्ञानात बसत नाही.)

गिअरबॉक्सही बदलला. तीन गिअरच्या जागी चार गिअरचा केएमटी-९०. इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाऊसिंगचं भोक आणि क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा, मध्य एका रेषेत आहेत की नाही हे डायल गेज लावून तपासलं. या कामात मिस्त्री पक्के. काटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकाही हलला तर ते जेवायला बसत नाहीत. पण नवी जोडी आधीच्यापेक्षा लांब निघाली. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीलाच ट्रान्सफर केस चिकटलेली असते. ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी हीच पेटी. बॉक्स लांबला तशी ती मागे सरकली. नव्या माउंटिंगवर थोडी वर उचलली गेली. मागचा ॲक्सल मात्र स्प्रिंगच्या पाट्यांना बांधलेला, तो जिथल्या तिथे.

मग या दोघांच्या मधला प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा करावा लागला. या जीपचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच, मागचा शाफ्ट मुळातच हातभर. तो साधारण ५० सेंटिमीटरचा ४३ झाला आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक १० सेंटिमीटरचा साडेबारा. शिडी भिंतीजवळ ओढली की उभी होते, तसा शाफ्टचा उतार साडेअकरा अंशांवरून सतराच्या जवळ गेला. साडेपाच अंश. डोळ्याला दिसतही नाहीत.

ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते आता सुरू होतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. अधिकचं चिन्ह असावं तसा चार हातांचा पोलादी तुकडा. समोरासमोरचे दोन हात एका काट्यात, उरलेले दोन दुसऱ्या काट्यात, चारही हातांवर सुयांच्या बेअरिंगच्या टोप्या. यामुळे दोन शाफ्ट कोनात असले तरी एक फिरवला की दुसरा फिरतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की पहिला शाफ्ट अगदी समान गतीने फिरत असला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

पटत नाही ना? हातातली बांगडी काढा आणि डोळ्यासमोर धरा. पूर्ण गोल दिसेल. तिच्या कडेवरून मुंगी एका चालीने चालली आहे असं समजा. आता बांगडीची वरची कड मागे कलती करा. गोलाचा लांबट गोल झाला, आडवा लांब आणि उभा चपटा. मुंगीची चाल तीच आहे, पण तुम्ही मध्यावरून तिच्याकडे बोट दाखवत राहिलात तर? मुंगी डाव्या-उजव्या टोकाजवळ असताना बोट हळू फिरेल, कारण ती मध्यापासून लांब आहे आणि तिची चाल मागे कलल्यामुळे आखूड दिसते आहे. वरच्या-खालच्या चपट्या भागात ती मध्याच्या जवळून जाते, तिथे बोटाला भरकन फिरावं लागतं. मुंगी म्हणजे एक शाफ्ट, बोट म्हणजे दुसरा. क्रॉसचे दोन हात एका वर्तुळात फिरतात, दोन हात त्याला कललेल्या दुसऱ्या वर्तुळात, आणि चौघांना कायम काटकोनात राहण्याची शिक्षा आहे. म्हणून गती सारखी राहू शकत नाही.

सूत्र एका ओळीचं आहे: एका शाफ्टने फिरलेल्या कोनाचा टॅन म्हणजे दुसऱ्याने फिरलेल्या कोनाचा टॅन गुणिले दोघांमधल्या कलाचा कोसाइन. सतरा अंशांचा कोसाइन ०.९५६. शाफ्ट सेकंदाला ३० फेऱ्या मारत असेल तर पलीकडचा कधी २८.७ च्या गतीने जातो, कधी ३१.४ च्या, आणि ही ओढाताण सेकंदात ६० वेळा होते.

गंमत पुढे आहे. हेच सूत्र सूर्यघड्याळाचं. त्यातली तिरकी पट्टी पृथ्वीच्या अक्षाला समांतर असते, सूर्य तिच्याभोवती तासाला १५ अंश या समान गतीने फिरल्यासारखा दिसतो. पण सावली पडते आडव्या तबकडीवर, आणि ती अक्षाला कललेली. कोल्हापूरचा अक्षांश १६.७. तिथे आडवी तबकडी मांडली तर दुपारी बारा ते एक सावली फक्त ४.४ अंश सरकते आणि संध्याकाळी पाच ते सहा या शेवटच्या तासात ४३ अंश. पाठ्यपुस्तकात स्प्रिंगच्या नियमापुरता भेटणारा रॉबर्ट हूक सूर्याच्या निरीक्षणासाठी उपकरणं करत असताना हा क्रॉसचा जोड वापरत होता. जोडाच्या फिरण्यातला हा चढउतार आणि सावलीचा चढउतार एकच आहे हे त्याने ओळखलं आणि १६७६ मध्ये छापलं. लोकांना जी खोट वाटली असती तिचं त्याने घड्याळ केलं. पक्कं गणित मांडलं ते फ्रान्सच्या पोन्सलेने, १८२४ मध्ये. अनेक देशांत मात्र या जोडाला नाव आहे कार्दानोचं. हा १६ व्या शतकातला इटालियन वैद्य, गणिती आणि पट्टीचा ज्योतिषी. त्याने येशू ख्रिस्ताचीही कुंडली मांडली होती. मामींना मी हे सांगितलं, तर त्यांना कार्दानोबद्दल आदर वाटायला लागला. माझा डाव माझ्यावरच उलटला.

मग जगातल्या इतक्या गाड्या घुमत का नाहीत? कारण शाफ्टला एक नाही, दोन क्रॉस असतात. पहिला जिथे गती वाढवतो तिथे दुसऱ्याने तेवढीच कमी केली की हिशेब चुकता. मधला शाफ्ट धापा टाकतच फिरतो, पण डिफरन्शियलच्या पिनियनला, म्हणजे ॲक्सलवरच्या ज्या दातेरी चाकाला शाफ्ट फिरवतो त्याला, त्याचा पत्ता लागत नाही. यासाठी दोन अटी. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत आणि दोन्ही जोडांचे कोन सारखे हवेत. कोन शून्य करून टाकावा असंही नाही. शून्य कोनात बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत, एकाच ठिकाणी दाबून क्रॉसला खड्डे पाडतात. पुढच्या चाकांचं दुखणं वेगळं. तिथे स्टेअरिंग वळवलं की कोन बदलतो, जोडीचा उपाय चालत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक जीपांच्या पुढच्या ॲक्सलमध्ये गोळ्यांचे, सर्व कोनांत समान गती देणारे जोड होते.

आता घुमाऱ्याकडे. ताशी ४५ म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, चाकाच्या साडेपाच फेऱ्या, शाफ्टच्या ३०. मी मोबाईलवर आवाजाचा आलेख काढणारं ॲप लावून बसलो. शाफ्टचा तोल गेला असता तर सेकंदाला ३० कंपनांवर टेकाड दिसायला हवं होतं. दिसलं ६० वर. क्रॉसच, म्हणून मी उडी मारणार तोच मिस्त्री म्हणाले, "सायेब, चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा पेटतंय. टॉपला इंजिनपण तीसच फिरतंय. साठ त्येचंबी आलं की."

बरोबर होतं. दोन संशयितांचा आवाज एकच. म्हणूनच दीड महिना सगळे इंजिनाची रबरं बदलत होते. मग राधानगरी रस्त्याला एका सरळ उतारावर गाडी पंचेचाळीसला नेली आणि न्यूट्रल केली. इंजिन आयडलवर येऊन टकटक करत बसलं. घुमारा तसाच. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त मान खाली घालून पायाखालच्या पत्र्याकडे बघत राहिले.

परत आल्यावर ते गाडीखाली गेले. शाफ्टमध्ये एक सरकता सांधा असतो. एका नळीत दुसरी, दोन्हींना दाते, म्हणजे पाटे वरखाली झाले की शाफ्टला लांबी कमी-जास्त करता येते. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी ग्रीस पुसलं. खाली दोन छोटे बाण ठोकलेले निघाले, एकेका नळीवर एकेक. समोरासमोर असायला हवे होते. एक थोडा बाजूला होता, म्हणजे दोन टोकांचे काटे एका पातळीत नव्हते. लेथवर शाफ्ट कापून आल्यावर कुणीतरी एका दात्याने चुकवून बसवला होता.

एकच दाता. पण सांध्याला दाते १६, म्हणजे साडेबावीस अंश. चढउतार फेरीत दोनदा होत असल्यामुळे हिशेबात ते दुप्पट धरायचे, ४५. दोन्ही कोन सारखे धरले तरी एवढ्या चुकीत पहिल्या जोडाच्या खोटीतली तीन चतुर्थांशाहून जास्त खोट शिल्लक राहते. दुसरा जोड असून नसल्यासारखा. क्रॉस काढला, नळी सरकवली, एक दाता फिरवली, बाण जुळवले, टोप्या परत ठोकल्या. खर्च शून्य, चहा धरून तीस रुपये.

पंचेचाळीसचा घुमारा गेला. पासष्टला बारीक थरथर अजून आहे, आणि तिचं कारणही सापडलंय. पहिला कोन १७ अंश, पण पिनियनकडचा १३ भरला. चारच अंशांचा फरक, वाटतो किरकोळ. इथे मात्र साधी वजाबाकी चालत नाही, वर्गांची करावी लागते: २८९ वजा १६९, उरले १२०, त्याचं वर्गमूळ ११. म्हणजे ११ अंशांत एकच क्रॉस लावल्यावर जेवढी खोट आली असती तेवढी उरली आहे. उपाय म्हणजे मागच्या पाट्यांखाली चार अंशांची पाचर मारायची आणि ॲक्सलचं तोंड तेवढं फिरवायचं. मिस्त्रींनी पाचरीचं माप कागदावर काढूनही दिलं.

तो कागद मामांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "घाटात पासष्टनं कोण जातंय रं? आणि ती माळ काढू नगस, मामीला इचारून काढ."