प्रमाण भाडे

घरमालकाला भाडेकरूकडून कायद्याने घेता येणाऱ्या भाड्याची मर्यादा. मुंबईच्या जुन्या चाळी-इमारतींतील जादा भाड्याचे तंटे याच संज्ञेभोवती फिरतात. त्यांत रकमेपेक्षा तारखेवरच अधिक खल होतो.

मुंबईतील भाडेनियंत्रणाचा आरंभ १९१८ च्या युद्धकालीन कायद्यापर्यंत मागे नेता येतो. तो तात्पुरता असल्याने नियंत्रणाची सलग परंपरा १९३९ च्या कायद्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमाने (अंमल १३ फेब्रुवारी १९४८ पासून) १ सप्टेंबर १९४० ही आधारतारीख मानली. त्या दिवशी जागा भाड्याने असल्यास ते भाडे प्रमाण, नसल्यास त्याआधीचे शेवटचे, आणि जागा त्यानंतरच प्रथम दिली असल्यास ते पहिले भाडे. खरी मेख या तिसऱ्या पर्यायात आहे. नव्या इमारतीचा मालक पहिल्या भाडेकरूशी जो आकडा ठरवी तोच प्रमाण ठरे, मग तो कितीही चढा असो. यावर उतारा म्हणून कलम ११ ने असे भाडे अवाजवी वाटल्यास नव्याने ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. एका खोलीच्या भिंत घालून दोन केल्या, तर त्या ‘प्रथमच दिल्या’ म्हणायचे का, हा वादही इथलाच.

पुरावा बहुधा जुन्या भाडेपावतीचा. तीवर भाडे, पालिकेचे कर आणि दुरुस्ती उपकर वेगळे दाखवलेले असले तर जादा काय ते कळते. एकच बेरीज असली की प्रत्येक आकडा उकलत बसावे लागते. मालकाने भाडे नाकारल्यास भाडेकरू ते मनीऑर्डरने धाडतो आणि पोचपावती जपून ठेवतो.

१९४० च्या पातळीवर गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात (१९९७) म्हटले. मात्र कायद्याची मुदत संपत आल्याने तरतुदी रद्द केल्या नाहीत. त्यानंतरच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने (अंमल ३१ मार्च २००० पासून) आधारतारीख १ ऑक्टोबर १९८७ वर आणली आणि दरसाल ४ टक्के वाढीला मुभा दिली. पूर्वी गुन्हा असलेली पागडीही (जागा देताना भाड्याखेरीज घेतली जाणारी एकरकमी रक्कम) कलम ५६ ने वैध झाली. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.