जिल्हा परिषदेतून गृहखात्यात : आर. आर. पाटील यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

साखर कारखाना, शिक्षण संस्था किंवा जिल्हा बँक यांपैकी काहीही हाताशी नसताना पश्चिम महाराष्ट्रातून मंत्रिपदापर्यंत पोहोचलेली माणसे मोजकीच आहेत, आणि 'आबा' म्हणून ओळखले जाणारे रावसाहेब रामराव पाटील हे त्यांपैकी एक होत. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावी १९५७ साली जन्मलेल्या आबांनी सांगलीत कमवा आणि शिका योजनेतून शिक्षण घेतले, वसंतदादा पाटील यांच्या छत्राखाली राजकारणाचे धडे गिरवले आणि १९७९ मध्ये ते सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. तिथे त्यांनी सुमारे अकरा वर्षे काढली. १९९० मध्ये तासगावातून ते विधानसभेवर गेले व ती धरून सलग सहा निवडणुका जिंकले.

शरद पवारांबरोबर राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेलेल्या आबांकडे १९९९ च्या आघाडी सरकारात ग्रामविकास खाते आले. पुढाऱ्यांच्या लेखी हे खाते तसे दुय्यमच. परंतु ग्रामपंचायत कशी चालते आणि कुठे अडते हे जवळून पाहिलेल्या माणसाच्या हाती ते पडले. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात सरकारने आधी निधी वाटला नाही. गावाने श्रमदान करावे, गटारे, रस्ते, शौचालये स्वतः मार्गी लावावीत, मग तपासणी समितीने येऊन गुण द्यावेत आणि पहिल्या आलेल्या गावाला बक्षीस मिळावे, अशी ती रचना होती. शेजारच्या गावाला नंबर मिळाला आणि आपल्याला नाही, ही सल कोणत्याही अनुदानापेक्षा प्रभावी ठरते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळ पायउतार झाल्यावर गृहखाते आबांकडे आले आणि २००४ च्या निवडणुकीनंतर ते उपमुख्यमंत्रीही झाले. ग्रामविकासातली पद्धत त्यांनी इथेही आणली. ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत बांधाचे, वाटणीचे आणि तडजोडपात्र फौजदारी तंटे गावच्या समितीने सामोपचाराने मिटवायचे व बक्षीस मिळवायचे, असा तोच साचा दिसतो.

डान्स बार मात्र या साच्यात बसणारे नव्हते. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बंदी घातली गेली, पण तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना सूट ठेवण्यात आली आणि नेमक्या याच भेदावर न्यायालयात बोट ठेवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. लोकभावना ओळखण्यात आबा चुकले नव्हते, कायद्याच्या मसुद्याने घात केला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात, या आशयाचे हिंदीतील विधान त्यांना भोवले आणि १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. शब्दफेकीवर गावोगावच्या सभा जिंकणाऱ्या नेत्याचे पद एका वाक्याने गेले. वर्षभरातच, नोव्हेंबर २००९ मध्ये, गृहखाते पुन्हा त्यांच्याकडे आले. याच काळात नक्षलग्रस्त गडचिरोलीचे पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःहून मागून घेतले, जे टाळण्याकडेच इतरांचा कल असे.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई आणि २०२४ मध्ये पुत्र रोहित तासगाव-कवठे महांकाळमधून विधानसभेवर गेले.