ब्रेन फीव्हर, झाकलेला आरसा आणि व्हिक्टोरियन नायिका: पार्श्वभूमी

व्हिक्टोरियन इंग्रजी कादंबऱ्यांत जबर धक्क्यानंतर नायिकेला 'ब्रेन फीव्हर' नावाचा ताप येतो, आणि त्याबद्दलच्या गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा भाषांतरात होते. 'ब्रेन फीव्हर'चा 'मेंदूज्वर' केला की मराठी वाचकाला डास आणि विषाणू आठवतात. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज डॉक्टर मात्र हे नाव मेंदूच्या किंवा त्याच्या आवरणाच्या दाहाला देत आणि जबर धक्का, शोक, अतिअभ्यास यांनीही तो होतो असं मानत. म्हणजे प्रेमभंगानंतर नायिका तापाने फणफणते ही निव्वळ कादंबरीकारांची सोय नव्हती, त्या काळच्या वैद्यकाचाच तिला आधार होता. उपचार ठरलेले: अंधारी खोली, बोलण्याला बंदी, केस कापून डोक्यावर थंड पाण्याच्या घड्या, शतकाच्या पूर्वार्धात जळवासुद्धा. कापलेले केस परत वाढेपर्यंत नायिका वेगळी दिसते, आणि लेखक त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतो.

'सन्निपात' हा आयुर्वेदातला पर्याय लक्षणांना जवळचा आहे, बरळणं त्यात आपोआप येतं. पण त्यासोबत वात-पित्त-कफाची सगळी मांडणी येते आणि धक्का हे कारण मागे पडतं. तेव्हा मूळ नावच ठेवावं. आजच्या निदानात ते बसवायला गेलं की हाती काही लागत नाही, कारण कादंबरीत या तापाचं मुख्य काम 'ही बाई कोण' हा प्रश्न उघडा करण्याचं असतं. (पुरुषांनाही तो होई. 1893 च्या एका शेरलॉक होम्सच्या कथेत परराष्ट्र खात्यातला तरुण नऊ आठवड्यांहून जास्त काळ त्यात बरळत पडतो. फक्त त्याच्या बाबतीत प्रश्न नोकरीचा आणि अब्रूचा असतो.)

एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये (1847) खोली बंद करून तीन दिवस उपाशी राहिलेली नायिका कॅथरीन आरशातला स्वतःचा चेहरा ओळखत नाही. शेवटी आरसा शालीने झाकावा लागतो. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मध्ये (1852-53) नायिका एस्थरच्या खोलीतून आरसे काढूनच टाकलेले असतात. तिच्या आजाराचं नाव कुठेही घेतलेलं नाही, पण तात्पुरतं अंधत्व आणि बदललेला चेहरा पाहता देवीच म्हणायच्या. कादंबरीचे भाग निघत होते त्याच 1853 मध्ये इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलांना देवी टोचणं सक्तीचं झालं. पुढे खरी आई समोर आल्यावर एस्थरला हायसं वाटतं ते एवढ्यासाठी, की आता चेहऱ्याच्या साम्यावरून, एस्थर आपली मुलगी आहे हे आईचं गुपित कुणाला कळणार नाही. शार्लट ब्राँटेच्या 'शर्ली'त (1849) उलट घडतं. झिजत चाललेल्या कॅरोलाइनला आजारपणातच आपली आई कोण ते कळतं आणि तिथून ती सावरते.

अलीकडच्या समीक्षेत कॅरोलाइनला 'अॅनोरेक्सिया' (अन्न नाकारण्याचा मानसिक आजार) असल्याचं सर्रास लिहिलं जातं. अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनमध्ये 1873 मध्ये पुढे आलं, म्हणजे कादंबरीनंतर 24 वर्षांनी. अन्न नाकारणं ही बोलता न येणाऱ्या बाईची भाषा आहे, हे वाचन पटण्यासारखं आहे, पण त्यासाठी रोगाचं लेबल लागत नाही. 1970 च्या दशकानंतरच्या स्त्रीवादी समीक्षेने आजारी नायिकेला बंडखोर ठरवलं, ते गरजेचंही होतं. त्या भरात आजार हा आजारही असतो, हे मात्र निसटलं. उदाहरणार्थ क्षय: त्याचा जंतू 1882 मध्ये सापडला. तोवर नाजूक प्रकृती, आनुवंशिकता आणि मनःस्ताप हीच क्षयाची कारणं बहुधा सांगितली जात.

आजार आणि ओळख यांची सर्वांत उघड अदलाबदल विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'मध्ये (1859-60) आहे. खासगी रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला कायद्याने एक लेखी विनंती आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. हृदयविकाराने अॅन कॅथरिक मरते आणि तिच्यासारखी दिसणारी लॉरा तिच्या नावाने कोंडली जाते. तिथली परिचारिका पुरावा म्हणून लॉराच्याच अंगावरच्या कपड्यांवरचं अॅनचं नाव तिला दाखवते. हा सगळा कट उलगडतो तो लॉराच्या नावाचा मृत्यूचा दाखला आणि तिचा लंडनप्रवास यांतल्या एका दिवसाच्या फरकावर. त्याच तारखा पहिल्या आवृत्तीत चुकल्या होत्या. एका वृत्तपत्रीय परीक्षणाने चूक दाखवून दिली आणि नंतरच्या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या.