बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे जन्मदाखला नव्हे

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याचा माग काढायला बसलं की दोन कागदांची हमखास गल्लत होते: चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची नोंद आणि सरकारी जन्मदाखला. हौशी लोकांनी ऑनलाइन मांडलेल्या वंशावळींत बाप्तिस्म्याची तारीख बिनदिक्कत जन्माच्या रकान्यात जाऊन बसते, आणि मग पुढचे सगळे तीच उतरवून घेतात.

यातली चर्चची वही जुनी. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या गावाने किंवा वस्तीने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. १५९८ पासून या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायचा नियम झाला. मूळ वही ओलीने किंवा आगीत गेली असेल, तर आज याच नकलेवर भिस्त ठेवावी लागते. सरकारी नोंदणी मात्र १ जुलै १८३७ ची. त्याआधी जन्मलेल्या माणसाचा सरकारी जन्मदाखला शोधण्यात वेळ घालवू नये. तो निघालेलाच नाही.

चार्ल्स डार्विनचंच बघा. श्रॉपशर काउंटीतल्या, म्हणजे परगण्यातल्या, श्रूस्बरी गावी तो १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मला, पण सेंट चॅड चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला नोव्हेंबरमध्ये. इतक्या नामांकित माणसाची जन्मतारीख इतर कागदांतून कळते. सामान्य शेतमजुराच्या बाबतीत चर्चची वही हाच एकमेव पुरावा असतो, आणि ती सांगते फक्त पाणी शिंपडल्याचा दिवस. कधी चार-पाच भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला दिसतो. ती जुळी-तिळी नसतात.

१८१३ पासून वहीला छापील रकाने आले: बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही. जन्मतारखेला रकानाच नाही, आईच्या माहेरच्या आडनावालाही नाही. एखादा दक्ष पाद्री समासात जन्मतारीख लिहून ठेवतो, म्हणून नुसत्या उताऱ्यावर न थांबता मूळ पानाचं छायाचित्र जरूर पाहावं. सरकारी दाखल्यात या दोन्ही गोष्टी मिळतात, शिवाय माहिती कोणी दिली त्याची सही किंवा अंगठ्याच्या जागी काढलेली फुली, आणि त्याचा पत्ता. मला तर हा पत्ताच सगळ्यात मोलाचा वाटतो. माहिती द्यायला आजी किंवा मावशी आलेली असली, तर शोधाची नवी वाट तिथूनच फुटते. एकट्याच मुलाच्या दाखल्यावर जन्माची वेळ लिहिलेली दिसली, तर जुळ्या भावंडाची नोंदही शोधावी. इंग्लंडमध्ये वेळ सहसा जुळ्यांच्याच बाबतीत टिपतात.

१९८३ पर्यंतच्या जन्मनोंदींची सरकारी सूची तिमाहीवार लावलेली आहे, तीही नोंदणीच्या तारखेप्रमाणे. नोंदणीला बेचाळीस दिवसांची मुदत असे, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. आणि १८७५ पूर्वी नोंद न करणाऱ्या आईबापांवर फारशी सक्ती नव्हती. त्या काळातलं एखादं मूल सूचीत नसेल तर चर्चच्या वहीकडे वळावं.

खरी दमछाक होते ती भूगोलात. पॅरिश काउंटीत असते, पण सरकारी नोंदणी जिल्हे आखले ते गरीब-कायद्याच्या संघांवरून, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी एकत्र बांधलेल्या पॅरिशांच्या गटांवरून, आणि त्यांनी काउंटीच्या सीमा जुमानल्या नाहीत. ब्रेब्रुक हे नॉर्थॅम्प्टनशरमधलं गाव, पण नोंदणी जिल्हा मार्केट हार्बरो, जो लेस्टरशरमध्ये धरला जाई. सूचीत 'मार्केट हार्बरो' दिसलं म्हणून माणूस लेस्टरशरच्या दप्तरखान्यात खेटे घालतो, आणि चर्चची वही असते नॉर्थॅम्प्टनला. त्यात १९७४ मध्ये काउंट्यांच्या सीमाच बदलल्या; ॲबिंग्डन बर्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये गेलं. म्हणून आधी जुन्या नकाशावर पॅरिश शोधावी, मग दप्तरखाना.

लग्नाच्या बाबतीत मात्र दोन्ही कागद जवळजवळ एकच. १८३७ नंतर चर्चमधली लग्नं सरकारी नमुन्याच्या वहीतच लिहिली गेली, तेव्हा त्या पानाचं छायाचित्र मिळालं असेल तर दाखल्याला पैसे घालू नयेत. मृत्यूचं उलटं आहे: दफनाच्या नोंदीत नाव, ठिकाण, तारीख आणि वय, बस. मृत्यूचं कारण हवं तर सरकारी दाखलाच मागवावा लागतो.

मुंबई-पुण्याकडच्या जुन्या ख्रिस्ती कबरींवरची इंग्रज नावं शोधणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: मुंबई इलाख्यात चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलाची नोंद इंग्लंडमधल्या कुठल्याही काउंटीच्या वहीत शोधायची नाही. इथल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरात, एन-३ या मालिकेत आहेत. त्या मुलाच्या आईवडिलांचं लग्न इंग्लंडमध्ये झालं असेल, तर ते मात्र त्यांच्या पॅरिशच्या वहीतच शोधावं लागतं.