घरगुती गटिंग मशीन

गटिंग मशीन म्हणजे बॅडमिंटन, टेनिस किंवा स्क्वॉशच्या रॅकेटमध्ये ठरावीक ताणाने तार ओवून जाळी विणण्याचे यंत्र. भारतात खेळाडू तारेला ‘गट’ आणि या कामाला ‘गटिंग’ म्हणतात. शब्द इंग्रजीतला, मूळ अर्थ आतडे. जनावराच्या आतड्यापासून वळलेल्या दोरीला मराठीत ‘तात’ असा जुना शब्द आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तीच. फ्रान्समधील लिआँ येथे १८७५ साली सुरू झालेली बाबोला ही कंपनी रॅकेटसाठी अशी तात बनवत आली आहे. बॅडमिंटनमध्ये मात्र आता जवळजवळ सगळीकडे नायलॉनच्या सूक्ष्म धाग्यांची तार वापरतात. पुढील विवेचन मुख्यतः बॅडमिंटनला धरून आहे. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात बांधले गेले आणि ज्याला काही काळ ‘पूना’ म्हणत, त्याची रॅकेट आपल्याकडे घरोघरी असते, आणि घरी मशीन घेण्याचा विचारही बहुधा तिच्यामुळेच सुरू होतो.

मशीन कोणी घ्यावे, याचा हिशेब सरळ आहे. एका बॅडमिंटन रॅकेटला सुमारे १० मीटर तार लागते, म्हणजे २०० मीटरच्या रिळात २० रॅकेटी होतात. समजा, मशीन २०,००० रुपयांना पडले आणि दुकानातली मजुरी २०० रुपये आहे, तर मजुरीच्या बचतीतून ते वसूल व्हायला १०० रॅकेटी लागतील. महिन्यातून एकदा गट तुटणाऱ्या माणसाला त्यासाठी आठ वर्षांहून जास्त काळ लागेल. घरात दोन मुले स्पर्धा खेळत असतील किंवा कोर्टावरचे सात-आठ जण आपल्याकडेच रॅकेट देणार असतील, तर चित्र बदलते. पैशापलीकडचे एक कारणही तितकेच खरे आहे : शनिवारी रात्री गट तुटला आणि रविवारी सकाळी सामना असला, तर दुकान उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय प्रत्येक वेळी तोच हात आणि तेच यंत्र, त्यामुळे जाळीचा आवाज आणि फटक्याची ओळख बदलत नाही.

यंत्र निवडताना बहुतेक जण आधी ताण देणाऱ्या भागाकडे पाहतात : आकडा डिजिटल आहे का, अर्ध्या पाउंडाचा फरक दाखवते का (गटाचा ताण पाउंडांत मोजतात). घरच्या वापरासाठी पाहण्याचा क्रम उलटा असावा. आधी फ्रेम कशी धरली जाते, मग तार कशी धरली जाते आणि शेवटी तार कशी ओढली जाते. ओढण्यातली थोडी चूक सवयीने आणि आकडा कमी-जास्त करून भरून काढता येते. वाकडी झालेली फ्रेम सरळ करता येत नाही.

याचे कारण आकड्यांतच आहे. बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये सहसा २२ उभ्या तारा असतात. प्रत्येक २४ पाउंडांवर ओढली, तर सगळ्या मिळून ५२८ पाउंड, म्हणजे सुमारे २४० किलोचा जोर होतो. तो झेलते ८०-८५ ग्रॅम वजनाची कार्बनची रॅकेट. उभ्या तारा पूर्ण झाल्या आणि आडव्या अजून घालायच्या आहेत, हा सगळ्यात धोक्याचा क्षण. डोके (फ्रेमचा वरचा शेंडा) आणि गळा (मुठीकडचा जोड) एकमेकांकडे खेचले जातात, फ्रेम आखूड होते आणि कडेने फुगते. हे थोपवण्यासाठी मशीनवर आधार असतात. दोन-बिंदू मशीन फक्त डोक्याला आणि गळ्याला आतून टेकू देते. सहा-बिंदू मशीनमध्ये त्याशिवाय दोन्ही बाजूंनी चार हात बाहेरून फ्रेम धरतात. टेनिसची जाड फ्रेम दोन बिंदूंवरही सुखरूप निघते, पण बॅडमिंटनसाठी, विशेषतः २४ पाउंडांच्या पुढे जायचे असेल तर, सहा बिंदूंचेच घ्यावे. हे हात फ्रेमला नुसते टेकलेले हवेत, आवळलेले नकोत. काम सुरू करण्याआधी जाळीभोवतीच्या फ्रेमची लांबी आणि रुंदी पट्टीने मोजून लिहून ठेवावी आणि रॅकेट उतरवल्यावर पुन्हा मोजावी. लांबी एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त घटली असेल, तर पुढच्या वेळी आडव्यांचा ताण वाढवावा. बरेच गटिंगवाले आडव्या तारा उभ्यांपेक्षा एक-दोन पाउंड जास्त ओढतात, ते फ्रेमचा आकार परत मिळावा म्हणूनच.

ओढलेली तार पुढची ओढेपर्यंत धरून ठेवणारा चिमटा म्हणजे क्लॅम्प. स्वस्त मशीनसोबत सुटे क्लॅम्प येतात. ते यंत्राला जोडलेले नसतात. एक तार शेजारच्या तारेच्या आधाराने धरतात. ताण सोडला की असा क्लॅम्प किंचित तिरका होतो आणि तेवढा ताण वाया जातो. टर्नटेबलवर, म्हणजे रॅकेट बसवायच्या फिरत्या पाटावर, सरकून जागच्या जागी आवळता येणारे स्थिर क्लॅम्प यापेक्षा पुष्कळच बरे, आणि खिशात थोडी जास्त जागा असेल तर ती इथे खर्चावी. दात मात्र बॅडमिंटनचे हवेत. ०.६६ मिलिमीटरची तार टेनिसच्या दातांत नीट बसत नाही, आणि तारांमधले अंतरही त्यांना अपुरे पडते.

क्लॅम्प घसरतो की नाही, हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. तार ओढून क्लॅम्प लावावा, क्लॅम्पच्या अगदी मागे तारेवर मार्करने ठिपका द्यावा आणि ताण सोडावा. ठिपका दातांपासून दूर गेला, तर तार निसटते आहे. मग लगेच स्क्रू आवळत बसू नये. नव्या तारेवरची पूड आणि मेण दातांवर साचलेले असते. जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून दात घासले की बहुतेक वेळा काम होते. उगाच जास्त आवळला, तर तारेवर पांढरा चिमटल्याचा डाग उमटतो, आणि तार पुढे तिथेच तुटू शकते.

ताण देण्याच्या तीन पद्धती आहेत. ड्रॉप वेट यंत्रात एका दांडीवर वजन सरकते. ते जितके बाहेर न्यावे तितका ताण वाढतो, आणि दांडी आडवी झाली की नेमका ताण मिळतो. दांडी जमिनीला अगदी समांतर हवी, या धास्तीने नवखे एकेक तार चार-चार वेळा ओढतात. प्रत्यक्षात दहा अंशांची चूक झाली, तरी ताण दीड टक्क्यानेच घटतो. २४ पाउंडांत सुमारे एक तृतीयांश पाउंड. या यंत्राला वीज लागत नाही, त्यात बिघडण्यासारखे फारसे नसते आणि गुरुत्वाकर्षण तार सैलावली तरी ओढतच राहते. उणीव वेळेची. उभ्या-आडव्या मिळून चाळीसहून जास्त वेळा दांडी उचलायची, म्हणजे सवय झाल्यावरही एका रॅकेटला तासभर जातो. पहिल्या रॅकेटला तीन तास धरावेत.

क्रँकच्या यंत्रात हँडल फिरवले की ठरवलेल्या ताणाला ‘खट्’ आवाज होऊन यंत्र अडकते. काम झपाट्याने होते. पण अडकल्यानंतर तार आतल्या आत सैलावत असते आणि यंत्र ती पुन्हा ओढत नाही. म्हणून क्रँकवरचे २४ हे ड्रॉप वेटवरच्या २४ पेक्षा मऊ लागतात, आणि आकडा एक-दोन पाउंड वर ठेवावा लागतो. आतली स्प्रिंगही काळाने बदलते. प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा तारेच्या तुकड्याने बांधून ओढला, की यंत्राचा आकडा खरा आहे का ते कळते. २४ पाउंड म्हणजे १०.९ किलो.

इलेक्ट्रॉनिक यंत्र मोटरने ओढते, ताण घटला की पुन्हा ओढते आणि हाताला आराम देते. रोज चार-पाच रॅकेटी होत असतील, तर तेच घ्यावे. विजेचा विचार मात्र आधी करावा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेले यंत्र ११० व्होल्टचे निघू शकते, आणि आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. आठव्या आडव्या तारेवर वीज गेली, तर रॅकेट अर्धवट अवस्थेत मशीनवर अडकून राहते.

टेबलावरचे मशीन घेतले, तर टेबल जड आणि कोपराच्या उंचीचे हवे. जेवणाच्या टेबलावर वाकून काम केले, तर कंबर दुसऱ्याच रॅकेटला बोलू लागते. मशीनसोबत कटर, लांब नाकाची पक्कड आणि आरी (टोचा) लागते. फ्रेमच्या काही छिद्रांतून उभी आणि आडवी अशा दोन तारा जातात. आरीने जागा करताना टोक आधीच्या तारेला लागले, की ताणलेली तार तिथल्या तिथे तुटते. विणकाम एक वर, एक खाली. चौदाव्या आडव्या तारेवर पोहोचल्यावर नवव्या तारेतली चूक दिसणे ही नवख्याची ठरलेली कसोटी आहे, आणि ती उसवण्याला पर्याय नाही : बॅडमिंटनच्या नियमांनुसार जाळी आलटून-पालटून विणलेली किंवा जिथे तारा एकमेकींना छेदतात तिथे जोडलेली असावी लागते. प्रत्येक तार ओढण्याआधी तिच्यावरून डोळा फिरवला, तर ही वेळ येत नाही.

पहिल्या काही रॅकेटी जुन्या घ्याव्यात आणि ताण २० पाउंडांच्या आसपास ठेवावा. फ्रेमवर जास्तीत जास्त किती पाउंड झेपतील, ते बहुधा छापलेले असते. मशीन त्याहून जास्त ओढू शकते म्हणून ओढू नये. उभ्या तारा झाल्यावर जेवायला उठू नये. आणि खेळताना एक तार तुटली, की बाकीची जाळी तशीच ठेवून रॅकेट पिशवीत टाकू नये. उरलेल्या तारा त्याच दिवशी, मधल्या तारेपासून कडेकडे जात, एक उभी आणि एक आडवी अशा कापाव्यात, म्हणजे फ्रेमवरचा जोर चारी बाजूंनी सारखा उतरतो.