मसुदा जाहीर केला म्हणजे कायदा पारदर्शक झाला?

युरोपीय संघाच्या एआय कायद्याचं उदाहरण देऊन एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: मसुदा खुला होता, सूचना मागवल्या होत्या, म्हणजे सगळं उघड्यावर झालं. हे अर्धसत्य आहे.

मसुदा एप्रिल 2021 मध्ये आला, त्यावर अभिप्रायही घेतले. पण त्यात सर्वसाधारण वापराच्या, म्हणजे अनेक वेगवेगळी कामं करू शकणाऱ्या, एआय मॉडेल्ससाठी वेगळं प्रकरणच नव्हतं. आज कायद्यात ते आहे. प्रशिक्षणासाठी 10²⁵ पेक्षा जास्त गणनक्रिया लागलेलं मॉडेल 'प्रणालीगत जोखमीचं' (समाजावर व्यापक दुष्परिणाम होऊ शकणारं) धरायचं, ही मर्यादाही त्यातलीच. हा आकडा 2021 मध्ये सूचना पाठवणाऱ्यांसमोर नव्हताच, मग त्यावर ते काय बोलणार?

तो ठरला युरोपीय आयोग (मसुदा मांडणारा), युरोपीय संसद आणि परिषद (सदस्य देशांची सरकारं) यांच्या बंद दाराआडच्या त्रिपक्षीय वाटाघाटींत. डिसेंबर 2023 मध्ये तिथंच तडजोड झाली. या बैठकांचा कागद चार रकान्यांचा असतो. पहिल्या तिनांत तिघांच्या भूमिका, चौथ्यात तडजोडीचा मजकूर. खरा कायदा चौथ्यात शिजतो, आणि नेमका तोच वेळेवर बाहेर येत नाही. संघाच्या सामान्य न्यायालयानं 2018 मध्येच सांगितलं होतं, की मागणी आल्यास तो सरसकट नाकारता येणार नाही.

म्हणून वाटाघाटी चालू असतानाच नियम 1049/2001 (संघाच्या संस्थांकडची कागदपत्रं मागण्याचा हक्क देणारा) खाली त्या संस्थेकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत 15 कामकाजाचे दिवस, तीही वाढवता येते. 'सगळी कागदपत्रं द्या' असं मोघम लिहिलं की अर्ज रेंगाळतो. कलम आणि बैठकीची तारीख लिहून चौथा रकानाच मागावा.